टाकलेले घर, टाकलेली वस्ती आणि एक कुंभार
(समाजाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या प्रसंगी श्रीसंत गोरोबाकाकांच्या चरित्रावर किंवा समाजाच्या शैक्षणिक प्रगतीवर चार शब्द बोलण्याचा आपला प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. यंदा चालक मंडळींनी विषयाची निवड आमच्यावर सोपविली. त्या मोकळिकीचा लाभ घेऊन आम्ही आपणांस आज जरा दूर, अमेरिकेतील शिकागो शहरी नेणार आहोत. इतक्या दूर कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात आला तर तो साहजिक आहे. त्याचे उत्तर एवढेच, की तेथे आपल्या व्यवसायाचा एक मनुष्य राहतो आणि त्याने जे केले आहे ते आपल्या विचारास उपयोगी पडेल असे आम्हांस वाटते.

या गृहस्थांचे नाव थिएस्टर गेट्स. मूर्ती घडविणे, गाणे, चित्रे करणे, नगररचना, अध्यापन, पडक्या इमारतींची पुनर्बांधणी, इतक्या नाना विद्या या एका माणसाच्या ठायी आहेत. जगातील मोठमोठ्या संग्रहालयांत त्यांची कामे मांडली गेली आहेत. तरीही लोकांपुढे उभे राहून आपली ओळख सांगण्याची वेळ येते, तेव्हा हे गृहस्थ प्रथम स्वतःस कुंभार म्हणवितात. ज्या देशात हा व्यवसाय जन्माने कोणाच्या वाट्यास येत नाही, तेथे एका मनुष्याने तो आपण होऊन पत्करावा आणि अभिमानाने सांगावा, ही गोष्ट आम्हांस विचार करण्याजोगी वाटली.

गेट्स यांचा जन्म १९७३ साली शिकागोत झाला. नऊ भावंडांत ते सर्वांत धाकटे, आणि आठ बहिणींच्या पाठीवर झालेले एकुलते एक पुत्र. वडील घरांच्या छपरांची कामे करीत, डांबर वितळवून छतावर पसरीत. आई शाळेत शिक्षिका. घरातले संस्कार चर्चमधील भजनाचे. लहानपणीच त्यांचा गळा तेथे तयार झाला. पुढे आयोवा राज्यातील विद्यापीठात त्यांनी नगररचनेचे शिक्षण घेतले आणि त्याबरोबरच मातीकाम शिकले. दक्षिण आफ्रिकेत केप टाऊन येथे ललितकला आणि धर्म यांचा अभ्यास केला. २००४ साली जपानमधील तोकोनामे या गावी ते कुंभारकाम शिकावयास गेले. तोकोनामे हे शेकडो वर्षे मोठाले रांजण व मातीची भांडी घडविणारे गाव. म्हणजे पहा, एका हाताने शहराचा नकाशा काढावयाचा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवावयाचे, अशी ही दुहेरी विद्या झाली. तिचे महत्त्व पुढे लक्षात येईल.

आता त्यांच्या समाजाविषयी थोडे सांगितले पाहिजे. गेट्स हे आफ्रिकी वंशाचे अमेरिकन होत. त्यांच्या पूर्वजांना गुलाम म्हणून त्या भूमीवर आणले गेले. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. जाच संपला नाही. म्हणून सुमारे १९१० ते १९७० या साठ वर्षांत अंदाजे ६० लक्ष कृष्णवर्णीय लोक दक्षिणेकडील राज्ये सोडून उत्तरेकडील शहरांत गेले. शिकागो हे त्यांतील एक मोठे ठिकाण. कारखान्यांत काम मिळाले. परंतु राहावयास ठराविक वस्त्याच मिळाल्या, आणि त्या वस्त्यांत घर घेण्यास कर्ज देण्याचे पेढ्या टाळीत. पुढे पोलादाचे कारखाने बंद पडले. ज्यांना शक्य होते ते निघून गेले. घरे ओस पडली, दुकानांना फळ्या ठोकल्या गेल्या, आणि शहराच्या दक्षिण भागातील कित्येक इमारती पाडण्याच्या यादीत गेल्या. ज्या वस्तीने शहराला संगीत दिले, वृत्तपत्रे आणि मासिके दिली, श्रम दिले, ती वस्तीच टाकाऊ ठरली.

या वस्तीत, डॉर्चेस्टर नावाच्या रस्त्यावर, गेट्स यांनी २००६ साली एक जुने घर घेतले. पूर्वी तेथे मिठाईचे दुकान होते. पुढे शेजारचे पडके घर घेतले. पैसा बेताचाच. त्यांनी जुन्या इमारतींतून निघालेल्या फळ्या, दारे, तुळया गोळा केल्या आणि त्यांवरच घराची डागडुजी केली. आता घर उभे राहिले, त्यात ठेवावयाचे काय? त्याच सुमारास शहरातील वास्तुशास्त्राच्या पुस्तकांचे एक नामांकित दुकान बंद पडले. तेथील सुमारे १४,००० पुस्तके त्यांनी आणली. शिकागो विद्यापीठाच्या कला-इतिहास विभागास काचेच्या स्लाईड्स नकोशा झाल्या होत्या. तशा ६०,००० आणल्या. वस्तीजवळचे ध्वनिमुद्रिकांचे एक दुकान मिटले; त्याच्या सुमारे ८,००० तबकड्या आणल्या. जेथे रात्री दिवा लागत नव्हता तेथे लोक पुस्तके पाहू लागले, गाणी ऐकू लागले, एकत्र जेवू लागले.

यात नवल काय, असे कोणी म्हणेल. जुने सामान गोळा करणारे भंगारवाले आपल्याकडेही आहेत. पण भंगारवाला वस्तू वजनावर घेतो आणि ती वितळावयास पाठवितो. कुंभाराची रीत निराळी. ओढ्याकाठची माती आपण आणतो तेव्हा ती कोणाच्याच हिशेबात नसते. तिच्यात राख आणि लीद मिसळतो, म्हणजे जे जगाने टाकले तेच घेतो. ती तुडवितो, चाकावर चढवितो, थापटण्याने ठोकून सारखी करतो, आव्यात भाजतो, आणि मग तीच माती देवघरात घट होऊन बसते. गेट्स यांनी घरांच्या बाबतीत हीच रीत लावली, असे आमचे मत आहे. पडक्या घरातील फळी त्यांच्या हाती येऊन निराळी झाली, कारण तिच्यात राहून गेलेल्या माणसांची आठवण त्यांनी पुसली नाही.

आठवण ठेवण्याच्या या कामाची दोन-तीन उदाहरणे सांगतो. १९६३ साली अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरी समान हक्कांसाठी निघालेल्या मिरवणुकांतील मुलांवर आणि तरुणांवर आग विझविण्याच्या नळांतून पाण्याचे लोट सोडण्यात आले. त्या प्रसंगाची छायाचित्रे जगभर गाजली. गेट्स यांनी अग्निशमन दलाने बाद केलेले कापडी नळ मिळविले, त्यांच्या पट्ट्या एकीला एक जोडून चौकटीत बसविल्या. लांबून पाहिले तर रंगीत पट्ट्यांचे सुरेख वस्त्र. हे वस्त्र कशाचे आहे हे कळले की पाहणारा क्षणभर गप्प होतो. वडिलांच्या हयातभराच्या धंद्यातील डांबर, आणि ते वितळविण्याची कढई, हीदेखील त्यांनी चित्रशाळेत नेली. बापाच्या हाताला लागलेला काळा डाग मुलाने धुऊन टाकला नाही, त्याची चित्रे केली.

दुसरे उदाहरण अधिक कठोर आहे. २०१४ साली क्लीव्हलँड शहरात टमीर राईस नावाचा बारा वर्षांचा मुलगा बागेत खेळण्यातील पिस्तूल घेऊन असताना पोलिसाच्या गोळीने मारला गेला. तेथे एक लाकडी छत्री होती, आपल्याकडे बागेत बसावयाचा मांडव असतो तशी. ती पाडून टाकण्याचे ठरत होते. मुलाच्या आईची इच्छा होती की ती नाहीशी होऊ नये. २०१६ साली ती सुटी करून शिकागोस आणली गेली, आणि २०१९ साली गेट्स यांच्या संस्थेच्या जागेत पुन्हा उभी करण्यात आली, बसून शोक करण्यासाठी आणि विचार करण्यासाठी. जे पाडून विसरावयाचे होते ते असे जतन झाले. कला म्हणजे केवळ शोभा, असे मानणाऱ्यांनी या मांडवाचा विचार करावा.

तिसरे उदाहरण आपल्या अगदी जवळचे, म्हणजे रांजणाचे. दक्षिण कॅरोलायना राज्यात एजफील्ड येथे डेव्ह नावाचा एक गुलाम कुंभार होऊन गेला. त्याचा जन्म १८०१ च्या सुमाराचा. मुक्तीनंतर त्याने डेव्हिड ड्रेक असे पूर्ण नाव धारण केले. तो सुमारे दीडशे लिटर मावेल एवढाले रांजण घडवीत असे. ते किती अवघड आहे हे या सभेस सांगण्याची गरज नाही. १८३४ साली त्या राज्याने गुलामांना लिहा-वाचावयास शिकविणे गुन्हा ठरविले होते. अशा काळात हा मनुष्य ओल्या मातीवर काडीने आपले नाव कोरीत असे, तारीख घालीत असे, आणि कधी कधी स्वतः रचलेल्या दोन ओळी लिहीत असे. ज्याचे शरीर दुसऱ्याच्या मालकीचे, त्याने भाजलेल्या मातीवर आपली अक्षरे अशी ठेवली की त्यांचा मालक दुसरा कोणी होऊ शकला नाही. २०१० साली मिलवॉकी येथील संग्रहालयात गेट्स यांनी या डेव्हचे रांजण मांडले आणि गायकांच्या मोठ्या वृंदाकडून त्याच्या ओळींना सूर दिला.

डेव्हची गोष्ट वाचताना आम्हांस तेरच्या गोरोबांची आठवण झाली नसती तरच नवल. हातात थापटणे आणि मुखात अभंग, अशी ती मूर्ती आपणां सर्वांच्या मनात आहे. संतांच्या मेळाव्यात कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे हे पारखण्याचा अधिकार ज्ञानदेवादिकांनी कोणाला दिला? कुंभाराला दिला. दोन देश, दोन काळ. एक भक्त होता, दुसरा दास्यात होता. तेव्हा दोघांची तुलना करणे आम्हांस उचित वाटत नाही. पण मातीत हात असणाऱ्या माणसाला शब्दांचेही वरदान असू शकते, ही साक्ष दोन्हीकडे सारखीच मिळते.

आता पैशाची गोष्ट, कारण पैशावाचून वस्ती सावरत नाही. शिकागोच्या दक्षिण भागात, स्टोनी आयलंड या मार्गावर, १९२३ साली बांधलेली एका बँकेची भव्य इमारत होती. ती १९८० नंतरच्या दशकात बंद पडली आणि छतातून पाणी गळत कित्येक वर्षे उभी राहिली. पाडण्याच्या बेतात असलेली ही इमारत गेट्स यांनी शहराकडून १ डॉलरला घेतली. अट ही की दुरुस्तीचा खर्च त्यांनी उभारावयाचा. त्यांनी काय करावे? त्याच इमारतीतील शौचालयांचे संगमरवरी आडोसे काढले, त्यांचे लहान तुकडे कापले, त्यांवर कर्जरोख्याप्रमाणे मजकूर कोरला, आणि २०१३ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील श्रीमंतांच्या कलाबाजारात प्रत्येकी ५,००० डॉलरला असे शंभर रोखे विक्रीस ठेवले. मुतारीचा दगड तो! पण त्याच्या आधारावर काम पुढे सरकले आणि २०१५ साली ही इमारत ग्रंथालय आणि कलामंदिर म्हणून उघडली. कृष्णवर्णीयांची ‘एबनी’ आणि ‘जेट’ ही गाजलेली नियतकालिके काढणाऱ्या प्रकाशन संस्थेचा ग्रंथसंग्रह तेथे ठेवला गेला. ज्या लोकांना एके काळी बँकांनी दारातून परत पाठविले, त्यांचे पुस्तकांचे धन आज बँकेच्या इमारतीत आहे.

२०१५ सालच्या आरंभी वेल्समध्ये गेट्स यांना ‘आर्टेस मुंडी’ हे ४०,००० पौंडांचे पारितोषिक मिळाले. दहा कलावंत अंतिम यादीत होते. निकाल ऐकताच त्यांनी सांगितले की ही रक्कम उरलेल्या नऊ जणांबरोबर वाटून घ्यावयाची. आव्यात एकाच घराची भांडी रचून आच द्यावी इतके सरपण कोणापाशीच नसते तेव्हा दोन-चार घरे मिळून आवा लावतात, तसाच हा प्रकार म्हणावयाचा.

सत्य सांगावयाचे तर या कार्यावर आक्षेपही घेतले गेले आहेत, आणि ते डावलून पुढे जाणे बरे नव्हे. पहिला आक्षेप असा, की कलावंतांमुळे वस्ती नावारूपास आली म्हणजे जागांचे भाव चढतात, भाडी वाढतात, आणि ज्यांच्यासाठी हे सारे केले ते गरीब रहिवासीच बाहेर फेकले जातात. दुसरा असा, की वस्तीच्या दुःखाचे तुकडे श्रीमंतांच्या दिवाणखान्यात विकले जातात. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. पहिल्यावर त्यांनी काही उपाय केला आहे. पडीक सरकारी चाळींच्या जागी २०१४ साली ३२ घरांची वसाहत उभी राहिली. तिच्यात काही घरे कलावंतांसाठी आणि बाकीची कमी उत्पन्नाच्या व सरकारी साहाय्य मिळणाऱ्या कुटुंबांसाठी राखली गेली. दुसऱ्याविषयी एवढे म्हणता येईल, की बाहेरून आलेला पैसा कोठे मुरला हे पाहावे. तो वस्तीच्या भिंतींत मुरलेला दिसतो. तरीही हा धोका कायमचा टळला असे कोणी समजू नये. कारागिराच्या हाताने वाढलेली किंमत कारागिराच्या वस्तीत राहील याची चिंता रोज वाहावी लागते, आणि आजच्या भाषणाचा गाभा हाच आहे.

आणखी एक गोष्ट. जपानमध्ये १९२५ च्या सुमारास यानागी सोएत्सु आणि त्यांच्या कुंभार मित्रांनी ‘मिंगेइ’, म्हणजे लोकांची कला, हा विचार मांडला. ज्याने आपले नाव घातले नाही अशा साध्या कारागिराच्या रोजच्या वापराच्या भांड्यात श्रेष्ठ सौंदर्य असते, असे त्यांचे म्हणणे होते. २०२४ साली तोकियोच्या मोरी संग्रहालयात गेट्स यांचे मोठे प्रदर्शन झाले. त्यात तोकोनामे येथील एका दिवंगत कुंभाराने मागे ठेवलेली सुमारे २०,००० भांडी मांडलेली होती. गेट्स यांनी ती सारी पदरी घेतली होती, कारण एका माणसाच्या आयुष्याचे काम फुटून विखरून जावे हे त्यांना पाहवले नाही. स्वतःचे कौतुक करून घेण्याची संधी असताना या मनुष्याने दुसऱ्या कुंभाराची भांडी प्रकाशात आणली.

बंधु-भगिनींनो, आता घराकडे वळू.

आपल्या या स्मरणिकेच्या मागील पानांत दरवर्षी वधू-वरांची माहिती छापली जाते. आम्ही ती लक्षपूर्वक वाचतो. ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात नोकरी असते, व्यापार असतो, शेती असते, वीटभट्टी असते. ‘कुंभारकाम’ हा शब्द शोधावा लागतो. ज्यांच्या घरी आजही आवा पेटतो अशा कित्येकांनी तो रकाना कोरा सोडलेला आम्ही पाहिला आहे. यात त्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. बलुतेदारीत कुंभाराच्या वाट्याला काय येई हे आमच्या पिढीने वडिलांच्या तोंडून ऐकले आहे. गावाची मडकी आपण करावयाची आणि सुगीच्या वेळी खळ्यावर हात पसरून उभे राहावयाचे. पितळ आले, ॲल्युमिनियम आले, प्लॅस्टिक आले, आणि तेही खळे गेले. अशा धंद्यातून मुलाला बाहेर काढून शाळेत घातले, यात आईबापांनी पुण्यच केले. डेव्हच्या रांजणाची थोरवी गाताना गुलामगिरी चांगली होती असे कोणी म्हणत नाही; तद्वतच चाकाची थोरवी गाताना बलुतेदारीचे दिवस परत यावेत असे आम्ही म्हणत नाही.

पण धंद्यातील लाचारी टाकताना आपण विद्याही टाकली काय, हा प्रश्न उरतो. आपल्या समाजात आज दोन तट पडले आहेत. शिकलेला चाकापाशी जात नाही आणि चाकापाशी बसलेल्यास शिक्षणाचा लाभ मिळत नाही. अभियंता झालेला मुलगा भट्टीचा धूर कमी कसा करावा याचा विचार आपल्या आळीसाठी करीत नाही. हिशेबनीस झालेली मुलगी पणत्यांचा भाव कोण ठरवितो हे चुलत्यास विचारीत नाही. संक्रांतीचे सुगड, अक्षय्य तृतीयेचा करा, नवरात्रातील घट, दिवाळीची पणती ही आजही मातीचीच लागतात. ती विकून नफा कोणाच्या पदरी पडतो, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते. शिकागोच्या त्या गृहस्थाने नगररचना आणि चाक या दोन विद्या एका देहात आणल्या. एका देहात आणणे सर्वांना साधणार नाही. एका समाजात तरी त्या शेजारी शेजारी बसावयास काय हरकत आहे?

म्हणून कार्यकारी मंडळापुढे आम्ही तीन लहान सूचना ठेवतो. पहिली: ज्या घरी चाक थांबले आहे तेथील चाक, थापटणी, साचे, जुने रांजण हे भंगारात न देता समाजाच्या सभागृहातील मागील खोलीत आणावेत, आणि प्रत्येक वस्तूबरोबर ती वापरणाऱ्याचे नाव व गाव लिहून ठेवावे. आपल्या पूर्वजांनी मडक्यावर नाव कोरले नाही. ते काम आता आपण करू. दुसरी: कोणत्या गावची माती कशासाठी चांगली, तिच्यात काय किती मिसळावयाचे, आवा कसा रचावयाचा, हे ज्यांना ठाऊक आहे त्या वृद्धांकडून, आणि विशेषतः वृद्ध माउलींकडून, ते उतरवून घ्यावे. माती मळण्यापासून भांडी रंगविण्यापर्यंत निम्मे काम बायांचे, आणि लिहिण्याची वेळ आली म्हणजे नाव मात्र पुरुषांचे, हे बरे दिसत नाही. तिसरी: समाजाच्या शिष्यवृत्तीपैकी एक तरी शिष्यवृत्ती अशा विद्यार्थ्यास द्यावी, जो कोणतीही उच्च विद्या शिकत असेना का, पण सुटीत एखाद्या चालत्या चाकापाशी बसून काम करील आणि त्या घराच्या एका अडचणीवर उपाय शोधून समाजापुढे लेखी मांडील.

खर्च फार नाही. त्या खोलीला कुलूप आहे आणि किल्ली चिटणीसांपाशी आहे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत, वधू-वरांच्या पानांवर, ‘कुंभारकाम’ हा शब्द निदान पाच ठिकाणी न लाजता छापलेला आम्हांस वाचावयास मिळावा, एवढी इच्छा व्यक्त करतो.